रेघ उजवीकडेच कलते

वहिनी, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मंडळाच्या चिटणीसांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. "उमाळकर, आटोपशीर घ्या, लोकांना गावाच्या दुसऱ्या टोकाला, पार कोलारपर्यंत जायचंय," म्हणाले. घेतो. पण थोडा वेळ वर गेला तर सांभाळून घ्या. आणि मी मध्येच थांबलो तर कुणी मला दंडाला धरून खाली बसवू नका. एकदा बसलो की मी पुन्हा उठणार नाही. मी मला ओळखून आहे.

घरून कागद लिहून आणला होता. खिशात आहे. चांगला लिहिला होता, 'कर्तव्यनिष्ठ', 'मनमिळाऊ', सगळं होतं त्यात. तो आता वाचत नाही.

नागपूरहून आलेल्या मंडळींसाठी सांगतो. मी प्रभाकर उमाळकर. दामोदर देवतळे, म्हणजे तुमचे दामूकाका आणि आमचे दादा, इथं भोपाळात, बरखेड्याला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे आणि मी खालच्या. एकच जिना, निवृत्तीनंतर भाडं भरूनही तोच. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका यायच्या. त्याआधी कारखान्यात, तयार टर्बाइन चाचणीला लावतात त्या टेस्ट बेडवर, ते माझे वरिष्ठ होते. मी तिथं ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते, यावरून काळ समजून घ्या.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही दोन गोष्टी सांगितल्या. दादा फार भले होते. आणि दादा विसरभोळे होते. विसरभोळेपणाचा पुरावा म्हणून तेलाचा किस्सा आला. यायचाच. भोपाळमधल्या आपल्या लोकांना तो आरतीसारखा पाठ आहे. दादा टेस्टच्या वेळी तेल घालायला विसरले, साहेबांनी पेढे वाटले, आणि मग सगळी फजिती झाली. तुम्ही हसलात. शोकसभेत जितकं हसावं तितकंच हसलात. वहिनीही डोळे पुसता पुसता हसल्या. आणि त्या खुर्चीत बसून मीही हसलो.

त्रेचाळीस वर्षं मी या किश्श्याला हसत आलोय. आज मला त्या तेलाबद्दलच बोलायचंय.

त्यासाठी आधी दादांचा तक्ता समजायला हवा. त्यांच्या बैठकीत, दिवाणाच्या वर, जिथं लोक देवाची तसबीर लावतात तिथं एक भला मोठा तक्ता होता. त्यावर नुसत्या वाकड्या रेघा. नवीन पाहुणा विचारायचा, ही कुठल्या नदीची खोरी? एका बाईंना तर ती कुणाची तरी पत्रिका वाटली होती. तो वाफेचा तक्ता. टर्बाइनमध्ये शिरताना वाफ किती दाबाची, किती गरम, तिथं एक ठिपका द्यायचा. बाहेर पडताना किती, तिथं दुसरा ठिपका. दोन्ही जोडायचे. रेघ जितकी खाली उतरली तितकं काम वाफेनं आपल्याला दिलं.

तेव्हा हा तक्ता कारखान्यात होता. मी पहिल्या दिवशी विचारलं, "दादा, ही रेघ सरळ खाली का नाही येत? दरवेळी उजवीकडे का कलते?"

दादा म्हणाले, "पुस्तकात सरळ येते. इथं कलते. वाफ आत घासते, भोवरे घेते, आपल्या आपल्यातच भांडते. जे काम आपल्याला द्यायचं ते गरमी होऊन तिच्याच अंगात राहते. म्हणून बाहेर निघताना ती जरुरीपेक्षा गरम असते. जितकी उजवीकडे गेली, तितकं वाया गेलं. ते परत मिळत नाही. त्यालाच एन्ट्रॉपी म्हणायचं, आणि परीक्षेत लिहून विसरून जायचं नाही."

"आणि डावीकडे कलली तर?"

"तर तू खोटं बोलून राहिला," दादा म्हणाले.

पण का? निसर्गाला विस्कटायची एवढी हौस का? हेही मी विचारलं होतं. तेव्हा दादांनी मला जुळणीच्या शॉपमध्ये नेलं. तिथं टर्बाइनचं वरचं झाकण बसवत होते. झाकणाचे नट एका ट्रेमध्ये क्रमानं मांडलेले, ज्याचा नट त्याच्याच जागी बसणार. दादांनी बारा नट वेगळे काढले, ट्रे जरा हलवला आणि म्हणाले, "आता डोळे मिटून लाव. किती तऱ्हेनं लागतील, हिशोब कर."

मी हिशोब केला. सत्तेचाळीस कोटींच्या वर तऱ्हा निघाल्या. बारा नटांच्या!

"त्यातली बरोबर किती?"

"एक."

"बस. निसर्गाचं कोणाशी वैर नाही रे. तो डोळे मिटून हात घालतो, एवढंच. नीट असायची तऱ्हा एक, आणि विस्कटायच्या कोटी. मग काय होणार, तूच सांग."

मित्रहो, आपल्या ब्लॉकच्या भिंतीत पिंपळ उगवलाय तो याच नियमानं. रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्या निखळल्या त्याही. पण तेव्हा मला वाटलं, हा नियम वाफेचा आहे, नटबोल्टांचा आहे. माणसालाही तो लागतो हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

एका कागदाच्या गिरणीसाठी छोटा टर्बाइन तयार झाला होता. त्याची टेस्ट होती. बाहेर पडणाऱ्या वाफेची गरमी मोजायला पाइपमध्ये एक बारीक नळकांडं असतं, तळ बंद असलेलं. त्याला आम्ही पॉकेट म्हणायचो. त्यात थर्मामीटर उभा करायचा. पण आधी पॉकेटमध्ये तेल घालायचं. तेल असेल तर पाइपची गरमी थर्मामीटरपर्यंत पोचते. तेल नसेल तर मध्ये हवा राहते, आणि थर्मामीटर बिचारा खरं आहे त्यापेक्षा कमी सांगतो. वाफ गरम निघून जाते आणि कागदावर थंड दिसते. कागदावर थंड दिसली म्हणजे यंत्र फार छान, काहीच वाया गेलं नाही.

टेस्ट झाली. मी आकडे काढले, तक्त्यावर दोन ठिपके दिले, पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ जवळजवळ सरळ आली. अहो, ओळंब्यासारखी! मला वाटलं, मी इतिहास घडवला. मोठे साहेब धावत आले. "शाबाश! ऐसा नतीजा तो आज तक नहीं आया!" त्यांनी तिथूनच वर फोन लावला. पेढे आले. माझ्या तोंडात दोन पेढे होते, तेव्हा दादा आत आले.

त्यांनी पेढा घेतला नाही. तक्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "चल जरा."

आम्ही टेस्ट बेडवर गेलो. दादांनी थर्मामीटर काढला. एक तार घेतली, पॉकेटमध्ये तळापर्यंत घातली आणि वर काढली. तार कोरडी होती. ती तार त्यांनी माझ्यासमोर धरली.

आता ऐका. पॉकेटमध्ये तेल घालायचं काम ट्रेनीचं असायचं. त्या टेस्टवर ट्रेनी एकच होता.

वहिनी, दादा विसरले नव्हते. मी विसरलो होतो.

थांबा. बसा सगळे. अजून संपलं नाही. चूक कुणाचीही होते, एवढंच असतं तर आज मी इथं उभा राहिलो नसतो. पुढचं सांगायचं आहे. ती तार बघून मी काय म्हणालो असेन? 'चुकलो' म्हणालो असेन? मी म्हणालो, "दादा, प्रोबेशनचे तीन महिने राहिलेत माझे." अमरावतीला वडील अंथरुणावर आहेत, सांगितलं. बहिणीचं ठरतंय, सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण नेमकं तेव्हाच मला ते सगळं कसं आठवलं? दादांनी ऐकून घेतलं. "हं," म्हणाले. ती तार नीट गुंडाळून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा होतो. दार उघडं होतं. दादा म्हणाले, "साहब, रीडिंग गलत है. दोबारा टेस्ट करनी पड़ेगी. पॉकेट में तेल डालना था, मुझसे रह गया."

मला फक्त एक पाऊल आत टाकायचं होतं. दारातून टेबलापर्यंत चार हात अंतर असेल. मी टाकलं नाही.

साहेबांनी आदल्या दिवशीच वर कळवलं होतं ना! त्यांची मान खाली गेली, आणि त्याचा राग निघाला दादांवर. त्यांना टेस्ट बेडवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. वाफेचा तो तक्ता बघताक्षणी यंत्राची तब्येत सांगणारा माणूस. त्यानं पुढची एकोणीस वर्षं गंजलेल्या लोखंडाचे ढीग लावून घेतले. निवृत्त होईपर्यंत तिथंच. यार्डात भिंत नव्हती, म्हणून तो तक्ता घरी आला आणि दिवाणाच्या वर लागला. वहिनी, तुम्ही चिडायचात ना, की देवाच्या जागी हे काय जाळं लावून ठेवलंय म्हणून? ते असं झालं.

आणि मग तुमचं ते सुरू झालं. "अहो, तेल घातलंत का?" स्कूटर काढली की, "तेल घातलंत का?" दिवाळीत पणत्या लावल्या की, "तेल घातलंत का, की विसरलात?" तुमचा दोष नाही, वहिनी. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. कॉलनीतली पोरंसुद्धा त्यांना तेलकाका म्हणायला लागली. आणि दादा हसायचे. दरवेळी हसायचे. जिन्यात मी असलो तर माझ्याकडे न बघता हसायचे.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही का? खूप केला. आणि तिथंच मला दादांचे ते बारा नट आठवतात. खरं सांगायची तऱ्हा एकच असते. जायचं आणि बोलायचं. न सांगायच्या किती तऱ्हा आहेत म्हणता! आज वहिनींचा उपास आहे. आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत. आज दादांची तब्येत बरी नाही. आज माझी बायको सुनंदा बरोबर आहे, तिच्यासमोर कसं? बहिणीचं लग्न होऊन जाऊ दे. पोरांच्या परीक्षा होऊ देत. रोज सकाळी मी डोळे मिटून त्या ट्रेमध्ये हात घालायचो, आणि रोज काहीतरी वेगळंच हाताला लागायचं. मी काही ठरवून खोटा झालो नाही, मित्रहो. नुसता दिवस ढकलत गेलो, तेवढ्यानंच झालो.

माझं पहिलं प्रमोशन झालं तेव्हा मात्र मी दुपारी यार्डात गेलो. दादा एका तुटक्या स्टुलावर बसून डबा खात होते. मी म्हणालो, "दादा, आता मी सांगतो सगळं. आजच सांगतो."

दादा म्हणाले, "बस आधी. भाकर खा." मग म्हणाले, "अबे, कोणाला सांगशील? साहेब रिटायर झाले. तुझ्या वहिनीला सांगशील? मी तिच्याशी इतकी वर्षं खोटं बोललो हे तिला आज कळणार. मग ती जिन्यात तुझ्या सुनंदाकडे कशी बघणार? एका जिन्यावर दोन घरं आहेत. ती रेघ परत सरळ नाही होत, प्रभाकर. हलवशील तर अजून उजवीकडे जाईल."

"मग मी काय करू?"

"मी असेपर्यंत नको बोलू. नंतर तुझं तू बघ."

माझी सुटका केली असं त्यांना वाटलं असेल. पण त्या दिवशी मला बाहेरून कडी लागली. बोललो तर शब्द मोडतो, नाही बोललो तर चोर ठरतो. मग मी दादांसाठी कामं करायला लागलो. सिलिंडरसाठी रांगेत उभा राहिलो, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा केल्या, वीज गेली की वर धावलो. तुम्ही सगळे म्हणायचात, उमाळकरांसारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. परवा तेराव्यालाही कुणीतरी म्हणालं. ते ऐकलं की मी उठून दुसरं काम शोधायचो.

एकदा आमच्याकडे नवा फ्रिज आला. मी दादांना बघायला बोलावलं. त्यांनी पुढचं दार उघडलंसुद्धा नाही. मागे गेले, जाळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, मागे किती तापतो. आत थंड करायचं तर बाहेर कुठंतरी तापावंच लागतं. फुकट काही नाही होत." ते फ्रिजबद्दलच बोलत होते. दादा टोमणे मारणारे नव्हते. पण मला त्या दिवसापासून तो फ्रिज उघडताना माझंच घर दिसायचं. माझी बढती, माझं नाव, माझी मुलं शिकली, सगळं नीट, सगळं गार. आणि त्याची सगळी धग वरच्या मजल्यावर.

आता तुम्ही विचाराल, मग आजच का? चार लोकांत, असं? घरी जाऊन वहिनी एकट्या असताना सांगता आलं नसतं? दादा गेल्यापासून मी तीनदा जिना चढलो. पहिल्यांदा नातेवाईक होते. दुसऱ्यांदा वहिनी झोपल्या होत्या. तिसऱ्यांदा त्या एकट्या होत्या, आणि मी विचारून आलो, "दूध आणायचंय का?" बघा, पुन्हा तोच ट्रे.

आज सकाळीही मी ठरवलं होतं की कागद वाचायचा आणि बसायचं. मग सभागृहात वहिनींनी मला हाक मारली. फोटोजवळच्या या समईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "प्रभाकर भाऊजी, लक्ष ठेवा हं, विझता कामा नये. तेलाची बाटली मी माझ्याजवळच ठेवलीय. हे असते तर नक्की विसरले असते."

तेव्हा ठरलं. ती चूक चारचौघांत त्यांच्या नावावर चढली. ती चारचौघांतच उतरायला हवी.

मला हे माहीत आहे की यानं काही सरळ होत नाही. यार्डातली एकोणीस वर्षं परत येत नाहीत. वहिनींनी ज्या माणसाला विसरभोळा समजून संसार केला, त्याच्याशी आता त्यांना बोलता येणार नाही. हे मी केलं. माझ्या बोलण्यानं आज अजून काहीतरी विस्कटलं असेल. जिन्यात उद्यापासून काय होईल, मला माहीत नाही. सुनंदा तिकडे मागे बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळलं. सुनंदा, तुझ्याशी घरी बोलतो. घरी बोलतो म्हणालो तर या वेळी खरंच बोलतो.

दादा, तुम्ही म्हणाला होतात, नंतर तुझं तू बघ. बघितलं. फार उशिरा बघितलं. तुमच्याइतकं तेल माझ्यात कधीच नव्हतं, म्हणून खरी धग माझ्यापर्यंत पोचायला त्रेचाळीस वर्षं लागली.

आता सगळ्यांनी उभं राहायचंय. दोन मिनिटं शांत राहू या.

समईची ज्योत खाली आलीय, दिसतंय तुम्हालाही. तेल संपत आलंय. बाटली वहिनींच्या पायाशी, पिशवीत आहे. वहिनी, ते काम माझं होतं. तेव्हाही माझंच होतं. बाटली माझ्या हातात द्यावी असं वाटलं तर द्या. नाही वाटलं तर तुम्ही स्वतः घाला, तो हक्क तुमचाच आहे. मी काही म्हणणार नाही.

चिटणीस, घड्याळ लावा.

मी हात पुढे करून इथंच उभा आहे, वहिनी.